एका बटणावरचं गाव

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूनं विचारलं, "टीव्हीला लावायला स्टिक घ्यावी की बॉक्स? कुणाला अनुभव आहे का?" एरवी या ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल कुणी एक शब्द काढला तरी दहा जण तुटून पडतात. या प्रश्नाखाली मात्र दुपारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या दामल्यांनी लिहिलं, "हे सांगणारा माणूस गेला हो आमचा." त्या बिचाऱ्या भाडेकरूनं गोंधळून हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय संपला.

सांगणारा माणूस म्हणजे हसुदादा. तळमजला, ब्लॉक नंबर एक. दिवाळीच्या आधी गेले. सकाळी चहा पिऊन जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. नात्यानं माझे कुणी नव्हते. मी बेलापूरला नोकरी करणारी, पनवेलमध्ये घर परवडलं म्हणून इथे आलेली. पण गेल्या काही वर्षांत मी ज्यांच्याशी रोज दोन शब्द बोलत होते अशी घराबाहेरची माणसं मोजली, तर एका हाताची बोटंही पुरी होत नाहीत, आणि त्यातलं पहिलं बोट हसुदादांचं. मला त्यांची फार आठवण येते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच सगळं हसण्यावारी नेल्यासारखं वाटेल. हसुदादा गमतीचे होते, पण गंमत नव्हते.

मूळचे ते केबलवाले. पनवेलमध्ये घराघरांत पहिल्यांदा केबल आली तेव्हा खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि सायकलला शिडी बांधून ते गच्च्यागच्च्यांवरून फिरायचे. पुढे डिश आल्या, मोठे केबलवाले आले, आणि हसुदादांनी आपल्या लायनी देऊन टाकल्या. पण सवयी गेल्या नाहीत. रस्त्यानं चालताना ते कधी समोर बघत नसत, वर बघत. कुणाची वायर लोंबते आहे, कुठे सांधा उघडा पडला आहे. त्या नादात दोनदा म्हशीला धडकले होते असं त्यांच्या बायको, चांगुणावैनी, सांगत. शर्टाच्या खिशात पेनऐवजी टेस्टर. माणूस गच्चीवर आणि आपण खाली अशा बेतानं आयुष्यभर बोलल्यामुळे आवाज खणखणीत. कानात कुजबुजले तरी चौथ्या मजल्यावर कळायचं, त्यामुळे त्यांच्याजवळ गुपित म्हणून काही टिकत नसे.

आणि माणसं त्यांच्या नावानं लक्षात नसायची, तक्रारीनं असायची. मला ते पहिली दोन वर्षं "मुंग्यावाल्या म्याडम" म्हणत, कारण मी राहायला आले तेव्हा माझ्या टीव्हीवर मुंग्या येत होत्या. पुढे ताई झाले.

घरोघरी वायफाय आलं, टीव्ही भिंतीवर चढले, आणि लोकांना प्रश्न पडू लागला की मागे लावायची ती वस्तू कोणती घ्यायची. दुकानातली पोरं घडाघडा आकडे सांगतात, मोबाइलवर जो तो आपलीच वस्तू जगात भारी म्हणतो. मग लोक खाली ब्लॉक नंबर एकमध्ये येऊ लागले. हसुदादांनी कंपन्यांची नावं कधी घेतली नाहीत. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. टीव्हीच्या पाठीत खुपसायची ती काडी आणि टीव्हीखाली ठेवायची ती डबी. हळूहळू सगळी सोसायटी तसंच बोलू लागली. आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला जमलेल्या बायका "तुमच्याकडे काडी का डबी?" असं विचारायच्या, तेव्हा बाहेरून आलेले पाहुणे दचकायचे.

सल्ला मागायला आलेल्याला ते आधी बसवायचे आणि भलतंच विचारायचे. "घरात रिमोट कोनाच्या हातात असतो?" "चश्मा हाय का कोनाला?" "जेवताना बगताव का जेवून बगताव?" माणूस वैतागायचा. मला किती जीबी ते सांगा, म्हणायचा. हसुदादा म्हणायचे, "जीबी कंपनीला विचारा. मी घराचा विचारतंय." मग ती वस्तू ते आठ-दहा दिवस स्वतःच्या टीव्हीला लावून ठेवायचे. याला त्यांचा शब्द होता नांदवणं. "जरा नांदवून बगू. माहेरी सगल्याच गुनाच्या असतात." परत करताना अमुक वाईट असं कधी म्हणत नसत. "चांगली हाय. तुमच्या घराला नाय," एवढंच.

दामल्यांचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. दामले निवृत्त अधिकारी, शिस्तीचे. काडी आणि डबी यांची तुलना करणारा मोठा तक्ता आखून आले. रंगीत पेनांनी. हसुदादांनी तो तक्ता दोन्ही हातांनी धरून शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "काकू काय बगतात?"

दामले म्हणाले, "ती? ती बघते की... आपलं काहीतरी."

"काय पन?"

दामल्यांना सांगता येईना. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोला टीव्हीवर काय आवडतं ते ठाऊक नाही. हसुदादांनी त्यांना सांगितलं की आठ दिवस रिमोट काकूंच्या हातात द्या, आणि मग या. दामले रागानं गेले. मी जिन्यातच होते, मला म्हणाले, "केबलवाला आहे की समुपदेशक?" पण आठ दिवसांनी खाली आले तेव्हा चेहरा निराळा होता. काकूंनी पहिले तीन दिवस रिमोट नुसता मांडीवर ठेवला होता. चौथ्या दिवशी त्यांनी मासेमारीवरचा एक कार्यक्रम लावला, आणि पुढचे चार दिवस तोच बघितला. दामल्यांच्या शुद्ध शाकाहारी घरात! लहानपणी त्या रेवदंड्याला समुद्राकाठी वाढल्या होत्या, होड्या बघायच्या होत्या त्यांना. "तुमी डबी घ्या," हसुदादा म्हणाले, "तिचा रिमोट जाडा हाय, काकूंची बोटं सुजतात ना." बोटं सुजतात हेही दामल्यांच्या तक्त्यात नव्हतं.

मला वाटायचं, रिकामपणाचा उद्योग आहे, बरा वेळ जातो म्हाताऱ्याचा. लोकांच्या काड्या आणि डब्या ते का नांदवून बघत होते ते मला फार उशिरा कळलं.

हसुदादांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. उलव्याच्या अलीकडे, खाडीला लागून, वडिलांची मिठागरं होती तिथे. भावानं दुसरीकडे प्लॉट घेऊन घर बांधलं. हसुदादा पनवेलला आले, कारण चांगुणावैनींचे गुडघे आणि दवाखाना. गावाबद्दल ते फारसं बोलत नसत. विमानं उडायला लागली तेव्हा एकदा पार्किंगमध्ये उभ्या उभ्या वर बघून म्हणाले, "आमच्या चुलीवरनं उडला," आणि घरात गेले. तेवढंच.

चांगुणावैनी मात्र विसरायला लागल्या होत्या. आधी मीठ, मग नळ, मग माणसं. एक गोष्ट तेवढी त्या विसरत नव्हत्या. दुपारचे चार वाजले की उठायच्या, पदर खोचायच्या, आणि म्हणायच्या, "चला. घरी कवा जायाचा?" हे घर आहे असं सांगितलं की रडायच्या. दार लावलं तर दार बडवायच्या. एकदा एकट्याच निघून एसटी स्टँडपर्यंत गेल्या होत्या आणि बंद पडलेल्या गाडीत बसून राहिल्या होत्या.

त्यावर एकच औषध होतं. केबलच्या जमान्यात हसुदादांनी एक कॅमेरा घेतला होता, लग्नं आणि जत्रा काढून आपल्याच केबलवर दाखवायला. एका वर्षी त्यांनी गावदेवीची पालखी टिपली. त्यांच्या गावची पालखी एकही दार चुकवत नसे. श्रीमंत असो, भांडलेला असो, सुतक संपलेला असो, पालखी प्रत्येक उंबऱ्याशी थांबायची, घरची बाई ओवाळायची, मग पुढचं दार. हसुदादा कॅमेरा घेऊन पालखीमागून चालले, त्यामुळे न ठरवता अख्खं गाव त्यात आलं. प्रत्येक दार, दारातली माणसं, विहीर, वाळत घातलेली जाळी, मागे मिठाचे पांढरे ढीग. पाऊण तासाचं चित्रण. सगळ्यात शेवटी त्यांचंच घर. दारात हिरव्या साडीतल्या चांगुणावैनी, हातात ताट. कॅमेऱ्यामागून हसुदादांचा आवाज येतो, "चांगुना, इकरं बग!" आणि त्या लाजून पुढे येतात आणि पंजानं कॅमेरा झाकून टाकतात. कुंकवानं माखलेला तळवा, आणि संपलं.

चार वाजता हे लावलं की वैनी शांत बसायच्या. एकेका दारातल्या माणसाला नावानं हाक मारायच्या. संपलं की "जाऊन आयलो बाय" म्हणत पदर सोडायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

हे मला हसुदादांनी एका शनिवारी सांगितलं. मी माझ्या नव्या काडीबद्दल विचारायला गेले होते. नेहमीचा आवाज नव्हता, पहिल्यांदाच ते हळू बोलले. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचं काही धड सांगितलं नव्हतं. लेक सुगंधा आणि जावई दोघं तळोज्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. आपल्यामागे दोघं इथेच राहायला येणार हे ठरलेलं होतं, पण चारच्या सुमाराला घरात कुणी असेलच असं नाही. आणि गाव लावायचं कसं ते वैनींना येत नव्हतं.

"पेनड्राइव्हमदी घातलाय," ते म्हणाले, "पन टीव्हीला लावाया आठ बटना दाबाया लागतात. तिला तीनपर्यंत ध्यानात रातं, मग इसरतं. मना एका बटनाचा पायजे, ताई. एक दाबला, गाव आयला. बास. मी नसलो तर चार वाजता कोन लावंल?"

मी माझी काडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, नांदवून बघा.

त्या काडीच्या रिमोटमध्ये बोलायची सोय होती. बोला आणि बघा, अशी जाहिरात होती. हसुदादा खूश झाले, बटणं मोजायची भानगडच नको. त्यांनी वैनींना रिमोट तोंडाशी धरायला शिकवलं. वैनी म्हणाल्या, "आमचा गाव दाव रं." रिमोटनं विचार केला आणि गावाकडच्या मारामारीचे सहा सिनेमे दाखवले. वैनींनी पुन्हा सांगितलं, जरा दटावून. यंत्रानं "मला समजलं नाही" असं लिहून दाखवलं. वैनींना वाचता येत नव्हतं, हसुदादांनी वाचून दाखवलं. त्यावर वैनी म्हणाल्या, "आपला बोलला समजत नाय तर आपल्या घरात कनाला बसलाय? त्याला बोल, त्याच्या घरी जा." हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मी आणि हसुदादा हसून हसून लोळलो. संध्याकाळी काडी माझ्या घरी परत आली. चांगली हाय, आमच्या घराला नाय.

मग कुणीतरी नांदवायला दिलेली डबी. हिच्या रिमोटवर खाली एक लाल बटण होतं, कुठल्याशा कंपनीचं दुकान उघडणारं. हसुदादांनी चार दिवस खटपट करून ते बटण फितवलं. दाबलं की दुकानाऐवजी थेट पालखी. पण वैनींचं बोट भलतीकडे जायचं. तर त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापली, रिमोटला अंगरख्यासारखी चढवली, आणि फक्त लाल बटणापुरतं भोक ठेवलं. काळं रबर आणि मधोमध तो एकच लाल ठिपका. वैनी त्याला कुंकू म्हणायच्या. पहिल्यांदा त्यांनी स्वतः दाबलं आणि ढोल सुरू झाले, तेव्हा हसुदादा पार्किंगमध्ये येऊन प्रत्येकाला सांगत सुटले, "दाबला! तिनंच दाबला!" सोसायटीत कुणाचं पोर दहावी झालं तरी एवढा गाजावाजा झाला नव्हता.

आणि यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते.

हसुदादांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तीन दिवस. सुगंधा त्यांच्याजवळ. मी त्या आठवड्यात घरूनच काम करत होते, म्हणून चारच्या सुमाराला खाली जाऊन बसायचं माझ्याकडे आलं. जाताना ते बजावून गेले होते, "तुमी फकत बसा. बटन ती दाबंल. तुमी हात लावू नका." पहिले दोन दिवस सगळं छान झालं. तिसऱ्या दिवशी गेले तर टीव्हीच्या पडद्यावर चौकट आलेली. नवीन अपडेट आलं आहे, आता करायचं का? खाली दोन पर्याय, हो आणि नंतर. वैनी आत तोंड धूत होत्या. मी अशी बाई आहे की फोनवर कुठलाही लाल ठिपका शिल्लक राहिला तर मला जेवण जात नाही. मी रबर वर सरकवलं आणि हो दाबलं.

डबी दोनदा विझली, दोनदा पेटली. आणि मग एक नवाच पडदा आला, झगझगीत, जाहिरातींनी भरलेला. वैनी येऊन बसल्या, लाल बटण दाबलं. स्वयंपाकाची कसलीशी स्पर्धा सुरू झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा तीच स्पर्धा. मी रिमोट घेतला, नवऱ्याला फोन लावला, तासभर घाम गाळला. गाव काही सापडेना.

वैनी ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "परत नेला वाटतं गाव." उठल्या, आतून एका पिशवीत दोन लुगडी भरून आणली आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या. सुगंधा येईपर्यंत तिथेच. मी शेजारी बसून राहिले, आणि माझ्या हातात हात देऊन त्या मलाच समजावत होत्या, "रडू नको बाय. तुजा पन गेला का?"

दुसऱ्या दिवशी हसुदादा घरी आले. मी अपराध्यासारखी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, मनगटाला सुईची पट्टी तशीच. रागावतील असं वाटलं, रागावायला हवे होते. ते हसले जरासे.

"तुमी हो बोललाव."

"चुकलंच माझं, दादा."

"तसा नाय. आमच्या गावात पन पयल्यांदा कोनीतरी एक जनच हो बोललेला. चांगल्यासाठीच बोलला असंल. आपन हो बोलतो, नि घर दुसऱ्याचा बदलतं." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "जाऊ दे. च्या घ्या."



डबी दुरुस्त करता आली असती. पण हसुदादांनी ती मालकाला परत केली. आज दुरुस्त केली तरी पुन्हा चौकट येणार, पुन्हा कुणीतरी हो म्हणणार, आणि तेव्हा आपण नसू, असं त्यांचं म्हणणं. नव्या काड्या-डब्यांचं हेच आहे, त्या आपल्या घरात राहतात पण सांगणं दुसऱ्याचं ऐकतात. तिसऱ्या दिवशी धापा टाकत माझ्या दारात उभे. जिने चढायची बंदी होती त्यांना.

"ताई, तुमच्या मालावर तो जुना डबा हाय ना? मीच लावलेला तुमाला."

होता. अडगळीत, तारेचं वेटोळं गुंडाळून. तो चालू केला की एक पाटी यायची, या उपकरणासाठी यापुढे अपडेट मिळणार नाहीत. त्या पाटीला कंटाळूनच मी नवी काडी घेतली होती. धूळ पुसून मी तो त्यांच्या हातात दिला. हसुदादांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि पाटीचा मजकूर मला दोनदा वाचायला लावला.

"म्हंजे कंपनी याला इसरली?"

"विसरली."

"आता याला कोन बदलाया येनार नाय?"

"नाही येणार, दादा."

"मग योच," ते म्हणाले. आणि ज्या माणसानं अख्ख्या सोसायटीला पारखून वस्तू घ्यायला लावल्या, त्यानं स्वतःच्या घरासाठी आमच्या माळ्यावरची टाकाऊ पेटी निवडली. वायफायला जोडलीच नाही. मागे पेनड्राइव्ह, पुढे रबर चढवलेला रिमोट, भोकातून तेवढं फितवलेलं लाल बटण. पेटी म्हातारी होती, बटण दाबल्यावर गाव यायला अर्धं मिनिट घ्यायची. हसुदादा म्हणायचे, "घाई कोनाला हाय. आमच्या गावाला जाया पैले तास लागायचा."

त्यानंतरचे दोन-अडीच महिने ते चार वाजता घराबाहेर पडायला लागले. फिरायला जात असतील असं मला वाटलं. पण ते कुठेच जात नव्हते. पार्किंगच्या बाजूला त्यांची खिडकी आहे, बाहेर बदामाचं झाड. त्या झाडाआड उभे राहून ते स्वतःच्याच घरात बघायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी नसताना कसा होतो ते मी असतानाच बगून ठेवाया पायजे ना." सुरुवातीला वैनी आतून "अवो, अवो" अशी हाक मारायच्या. ते जायचे नाहीत. खिडकीचे गज धरून उभे राहायचे. मला ते बघवत नसे, मी गाडी दुसरीकडे लावायला लागले.

ते गेल्यावर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सुगंधाची शिफ्ट होती. चार वाजता मी खाली उतरले. जिन्यातच मला ढोल ऐकू आले.

आता रोज ऐकू येतात. त्या भाडेकरूला मी अजून उत्तर दिलेलं नाही. देईन. आधी विचारीन, घरात रिमोट कुणाच्या हातात असतो.

पण हसुदादा म्हटलं की मला दिसतात ते जायच्या आठवड्यातले. मी ऑफिसातून लवकर आले होते, पावणेपाच होत आले होते. ते झाडाआड उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. मी हाक मारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत पालखी शेवटच्या दाराशी आली होती. वैनी एकट्याच बसल्या होत्या, मांडीवर रिमोट. ढोल थांबले आणि टीव्हीतून तो खणखणीत आवाज आला, तरुण, कॅमेऱ्यामागचा. "चांगुना, इकरं बग!"

"बगतंय ना," वैनी आतून म्हणाल्या. "कवापासून बगतंय. तुमी कवा येताव?"

बाहेर झाडाखाली हसुदादांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आपल्याच हातानं ते झाकून घेतलं.